दोघींची भिंत

माझी धाकटी बहीण माया लांब रोट्या करते. नागपुरात लग्नकार्य असलं की मांडवामागे चुलीवर मातीचं मडकं पालथं घातलेलं असतं. एक बाई सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घेते, तळव्यापासून कोपरापर्यंत झुलवत नेते आणि पसरला की तापलेल्या मडक्यावर टाकते. रोटी रुमालासारखी पातळ होते. कणीक इतकी सैल असते की हात थांबला तर ती लोंबते आणि फाटते. त्यामुळे हात थांबवता येत नाही. मायाला तीच सवय लागली होती. चुलीपासून उठली तरी तिचे हात चालूच. बोलता बोलता ओटा पुसेल, शेजारच्या पोराचं नाक पुसेल, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालेल, पसंत पडल्या नाहीत तर मोडून परत घालेल.

हे काम जोडीचं आहे. एक बाई कणीक मळते, आपटते, गोळे देते. दुसरी रोट्या टाकते. मायाची जोडीदार मीराबाई. दोघी सक्करदऱ्याला एकाच गल्लीत राहतात. मीराबाईचा गोळा मायाला कधी पसंत पडला नाही आणि मायाची रोटी मीराबाईला. तरी दोघी दुसऱ्या कोणाबरोबर कामाला गेल्या नाहीत.

पोळ्याच्या सुमारास मायाच्या उजव्या स्तनात गाठ सापडली. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. त्यानंतर केमो. केमो संपली की शेक द्यायचा, म्हणजे मशीनखाली झोपवून किरणं सोडायची, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा विक्की आणि सून सोनिका. विक्की एसी दुरुस्त करतो, त्याला सारखी सुटी मिळत नाही. मी रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधून निवृत्त होऊन शहराच्या टोकाला बेसाला माझ्या मुलाकडे राहतो. मला वेळ होता. हॉस्पिटलला तिच्यासोबत मी जाऊ लागलो.

ऑपरेशननंतर घरी सोडताना नर्सने उजव्या हाताबद्दल सांगितलं. जड उचलायचं नाही. सुई टोचू द्यायची नाही. भाजू द्यायचं नाही, हात सुजेल. मग तिने व्यायाम दाखवले. बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची, हात मागे न्यायचा, रोज करायचं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. घरी पोचेपर्यंत त्यातलं एवढंच शिल्लक राहिलं की हा हात वापरायचा नाही.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याच्या हातातलं काम काढून घेतात. जितका जीव जास्त, तितकं जास्त काढून घेतात. मायावर गल्लीचा फार जीव होता. मीराबाईने रोट्यांच्या बायकांत सगळं वाटून टाकलं. कोणी झाडायचं, कोणी पाणी भरायचं, कोणी भांडी. सोनिका घास भरवायची. विक्कीने जुन्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. मायाने पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला की चारी बाजूंनी ओरडा व्हायचा.

"अवं, राहू दे ना! आम्ही मेलो का?"

केमोच्या दिवसांत तिचं तोंड आलं, केस गेले. सलाईन डाव्याच हाताला लावायची, म्हणून डाव्या हाताच्या शिरा काळ्या पडून कडक झाल्या. तरी जरा बरं वाटलं की ती दारापासून मोरीपर्यंत चालायची आणि मोरीपासून दारापर्यंत. पंखा लावा म्हणायची, लावला की बंद करा. खाटेवर बसली तर पाय हलवायची. पाय थांबवले तर जबडा हलवायची. घरातली बाकीची माणसंही मग तशीच झाली. सोनिका दूध उतू घालवायची. विक्की कामावरून पुन्हा पुन्हा फोन करायचा आणि "काय चालू हाय?" एवढंच विचारून ठेवून द्यायचा.

माया मला म्हणाली, "दादा, मले काहीतरी निवडाले दे. तांदूळ दे, डाळ दे. हे लोक मले चोरासारखी बसवून राहिले."

सोनिका आतून म्हणाली, "मामाजी, तुम्ही तरी आईच्या नादी लागू नका." डाळ काही मिळाली नाही.

केमो संपली. शेकाची मापं घ्यायला बोलावलं. तिला टेबलावर चढवायला विक्की आणि मी आत गेलो. मशीनवरच्या बाई म्हणाल्या, "मावशी, दोन्ही हात डोक्यावर घ्या." डावा हात गेला. उजवा छातीइतका आला आणि अडला. मायाने दात आवळले. खांदा कानापर्यंत आला, कंबर तिरकी झाली, हात तिथेच.

बाईंनी फिजिओथेरपीच्या गार्गी मॅडमना बोलावलं. त्यांनी हात धरून हळूच वर नेला. काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक दोरी ताणलेली दिसली. मांज्यासारखी.

"ऑपरेशननंतर व्यायाम दाखवले होते ना?" मॅडमनी विचारलं.

विक्की पुढे झाला. "मॅडम, आम्ही तिले काहीच करू नाही दिलं. चहाचा कप बी उचलू नाही दिला." हे त्याने छाती पुढे काढून सांगितलं. मग मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याची मान हळूहळू खाली गेली.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं. किरणं छातीवर आणि काखेच्या बाजूने द्यायची आहेत. हात मध्ये आला तर देता येत नाहीत. हात डोक्यावर जाऊन तिथे स्थिर राहिला तरच शेक सुरू होईल. केमोनंतर फार थांबणं बरं नाही, कुठे काही बारीक शिल्लक असलं तर ते वाढायला मोकळं राहतं. "होळीच्या आधी हात वर गेला पाहिजे," त्या म्हणाल्या. "जाईल. पण रोज करावं लागेल, आणि दुखेल."

परत येताना ऑटोत मायाने गळ्यातली ओढणी सोडली आणि मांडीवर तिच्या घड्या घालत राहिली.

विक्कीचा राग गल्लीत बाहेर पडला. मीराबाई पाण्याची घागर घेऊन येत होती.

"मीरामावशी, तुमच्या लोकांमुळं झालं हे. पांगळी केली तुम्ही माझ्या आईले."

"अन् झोळी कोणं बांधली? म्या बांधली का?" मीराबाईने घागर तिथेच दारात ठेवली आणि गेली. त्यानंतर ती आली नाही. ती नाही म्हणून बाकीच्या बायकाही आल्या नाहीत.

आता भिंत सुरू झाली. मोरीशेजारची भिंत मोकळी होती. मी रोज बेसाहून सकाळीच जायचो. माया भिंतीसमोर उभी राहायची, उजव्या हाताची बोटं टेकवायची आणि वर चालवायची. मग टाचा उचलायची. मग कंबर कलवायची. बोटं वर गेलेली दिसायची, काख मात्र बंदच.

काम कमी झालं तर मी समजू शकतो. काम केल्यासारखं दाखवलेलं मला बघवत नाही. गँगमध्ये रूळ उचलताना असा एखादा असायचा. तोंडाने जोर लावायचा, हाताने नाही. त्याचा भार बाजूच्याच्या कमरेवर जायचा.

"माया, टाचा खाली."

"खालीच हायेत."

"मले दिसून राहिलं."

"दादा, तू रेल्वे सोडली, पण रेल्वेनं तुले नाही सोडलं."

"टाचा."

तिने टाचा टेकल्या. बोटं खाली घसरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. सोनिका धावली. "आई, राहू द्या. उद्या करू."

"उद्या कोणी करत नसते," मी म्हणालो.

विक्की चपला घालत होता, तो परत आत आला. "मामा, बस झालं. तुम्ही माणूस हाय का मुकादम?"

"मुकादम असतो तं आधी तुलेच बाहेर काढलं असतं."

"तिले दुखून राहिलं ना!"

"दुखणारच. मॅडमनं नाही सांगितलं का?"

तो दार आपटून गेला. माया खाटेवर बसली, उठली, परत बसली. मला म्हणाली, "दादा, खरं सांगू? दुखते ते सोसीन मी. पण भिंतीवर बोटं चालवून निघते काय? इकडचं तिकडं काही गेलं का? कणीक आपटली तं रोटी होते. हे काय होते?"

मीही जन्मभर हातून काय निघालं तेच पाहत आलो. "शेक सुरू होते," एवढं मी म्हणालो. तिने मान हलवली, पण ते तिच्या हातापर्यंत पोचलं नाही. दिवस जात होते आणि हात छातीच्या वर येत नव्हता. ती झोपली आहे का हे पाहायला विक्की दारातून डोकवायचा. ती झोपलेली नसायची. छताकडे पाहत बोटं मोडत असायची.

एक दिवस दुपारी सोनिकाचा फोन आला. "मामाजी, आई घरात नाहीत. मी छतावर कपडे टाकून आले तं दार उघडं. चपला बी नाहीत. फोन इथंच हाय."

मी निघालो. विक्की कामावरून परस्पर आला होता. आम्ही दोघं आधी सक्करदऱ्याच्या तलावाकडे गेलो. आधी तिकडेच का गेलो, हे त्याने मला विचारलं नाही आणि मी त्याला सांगितलं नाही. काठाकाठाने फिरलो. फुगेवाला, शाळेची पोरं, फिरायला आलेली म्हातारी माणसं. विक्की प्रत्येक बाकाकडे धावत जायचा, मायासारखं हिरवं लुगडं दिसलं की हाक मारायचा. वळणाऱ्या बाया दुसऱ्याच निघायच्या.

परत गल्लीत आलो तेव्हा मीराबाईच्या घरामागच्या आवारातून आवाज आला. ओली कणीक परातीत आपटल्याचा. कोणाकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, मीराबाईने एकटीनेच काम घेतलं होतं. आम्ही आत गेलो.

माया चुलीपाशी उभी होती. दोन्ही हात समोर, त्यांवर कणीक झुलत होती. चेहऱ्यावर घाम, धूर डोळ्यांत. उजवा हात खांद्याच्या रेषेत आला होता आणि कणकेमागे बाहेर-आत जात होता. तिच्या टाचा जमिनीवर होत्या. मी तेच आधी पाहिलं.

"आई!" विक्की ओरडला. ती दचकली, कणीक फाटून अर्धी राखेत पडली.

"पाह्य, फाडली ना रोटी!" मीराबाई म्हणाली. "आलं हे पोरगं बोंबलत. मी नाही बोलावलं बाप्पा हिले. आली अन् म्हणते, गोळा दे. म्या म्हटलं, तुझा पोरगा माझा जीव घेईन. तं म्हणते, तू तुझं तोंड चालव, मी माझे हात चालवतो."

"चुलीपाशी काहून उभी केली? भाजलं असतं तं?"

"भाजलं का? दाखव वं."

मी मध्ये पडलो. मायाला चुलीपासून बाजूला घेतलं, हात धुवायला लावला, तपासला. भाजला नव्हता. सूजही नव्हती. "दुखते का?" विचारलं तर म्हणाली, "लय." आणि परातीकडे पाहायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी गार्गी मॅडमना सगळं जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी मायाला रिकाम्या हातांनी ते करून दाखवायला सांगितलं, आणि हात पाहिला. मग म्हणाल्या, "चूल अजिबात नाही. मळणं, आपटणंही नाही. लहान गोळा हातावर पसरवायला हरकत नाही. त्याने इथपर्यंत आलात, चांगलं आहे." त्यांनी खांद्यावर बोट ठेवलं. "पण रोटी याच्या वर जात नाही ना, मावशी? इथून पुढे भिंतच आहे. त्याला दुसरा रस्ता नाही."

मायाचं तोंड पडलं. मग एकदम म्हणाली, "मॅडम, भिंतीले दोघी चालतीन का?"

"म्हणजे?"

"मले एकटीनं काम करता येत नाही. सवय नाही."

मॅडम म्हणाल्या, दोघी काय, चौघी चालतील.

मीराबाईला बोलवायला विक्कीला जावं लागलं. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो.

"मीरामावशी, या ना घरी."

"मी कशाले येऊ? मी पांगळं करणारी बाई."

"चुकलं ना."

"कोणाचं?"

"माझं."

"जोरानं बोल, ऐकू नाही येऊन राहिलं."

"माझं चुकलं!" तो इतक्या जोरात म्हणाला की शेजारची खिडकी उघडली. मीराबाईने हात पुसले आणि निघाली.

दोघी भिंतीसमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. बोटं टेकवली. माया निघाली, खांद्यापर्यंत आली. मीराबाई निघाली आणि थोडं वर जाऊन तीही अडली. जन्मभर कणीक आपटून तिचा खांदाही धरला होता. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तिलाही नसावं.

माया तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुले तं कॅन्सर बी नाही झाला वं. तुझा हात काहून खाली?"

आजारपण आल्यापासून त्या घरात पहिल्यांदा सगळे हसले. मीराबाई चिडली. "मी तुझ्याआधी वर जाऊन दाखवतो."

"वर जाशीन तं सगळ्यांच्याच आधी. भिंतीचं बोल."

मीराबाईने कोळसा आणला आणि भिंतीवर दोन रेघा मारल्या, एक तिची, एक मायाची. रंग खराब झाला म्हणून सोनिका कुरकुरली. रोज रेघा वर सरकू लागल्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दोघी उभ्या राहायच्या. बोटं चालत असायची आणि तोंडंही. कोणाच्या लग्नात कणीक आंबली, कोणाची सून मडकं फोडून बसली. टाचा उचलल्या की आता मला बोलावं लागत नसे.

"ए, उंट! टाचा खाली कर."

"तूच कर. कंबर पाह्य तुझी कुठं चालली."

दुखायचं थांबलं नव्हतं. माया घामाघूम व्हायची, मध्येच कपाळ भिंतीला टेकवायची. सोनिका आता "राहू द्या" म्हणत नव्हती. आत जाऊन नळ मोठा सोडायची, आणि कळ ओसरली की टॉवेल घेऊन बाहेर यायची. विक्की त्या वेळी घरात थांबतच नसे. गाडी पुसायची म्हणून बाहेर जायचा. ती गाडी तेवढी स्वच्छ कधीच नव्हती.

एका सकाळी बोटं रेघेच्या वर गेली आणि मायाच्या काखेत कट् असं काहीतरी तुटलं. आवाज मीराबाईलाही आला. माया खाली बसली. मीराबाई भिंतीपासून मागे सरकली. "म्या नाही गा काही केलं, भाऊ, म्या हात बी नाही लावला." विक्की गाडी सोडून धावला. मी ऑटो थांबवली. वाटेभर माया काख दाबून धरून होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "आता नाही जाईन का वर? दादा, बोल ना." मी ऑटोवाल्याला लवकर चालव म्हणत राहिलो.

गार्गी मॅडमनी हात तपासला. हात अडवणारी ती मांज्यासारखी दोरी सुटली होती. असं होतं कधीकधी, त्या म्हणाल्या, घाबरू नका. त्यांनी हात धरून वर नेला. तो कानाजवळ गेला. डोक्याच्या मागे मात्र टेकला नाही.

"पुरते का?" मायाने विचारलं.

"मापं घेणाऱ्या बाई सांगतील. होळी जवळ आली आहे. उद्याच या."

दुसऱ्या दिवशी मीराबाईही आमच्यासोबत आली. बाहेर बाकावर जागा होती, पण कोणी बसलं नाही. मायाला आत नेलं. विक्की दाराच्या फटीला तोंड लावून उभा राहिला. नर्सने त्याला बाजूला केलं, तो परत तिथेच. मीराबाई पदराचं टोक पिळत होती. मी पॅसेजमधून त्या टोकाला जाऊन आलो, परत गेलो. आतून बाईंचा आवाज आला. "मावशी, अजून थोडा. अजून. बस. आता अजिबात हलायचं नाही." दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला.

हात वर गेला होता. आता तो टिकायला हवा होता. मायाला जागेवर टिकून राहिलेली मी कधी पाहिली नव्हती, लहानपणीही नाही. एक-दोनदा वाटलं, आता दार उघडेल आणि म्हणतील, नाही जमत, घेऊन जा. विक्की घड्याळ पाहायचा, मोबाईल पाहायचा, परत घड्याळ. मीराबाईने मला विचारलं, "इतका वेळ काहून लागून राहिला गा भाऊ?" मी म्हणालो, "माप घ्यायला वेळ लागतेच." मला काही माहीत नव्हतं.

दिवा विझला. दार उघडलं. मशीनवरच्या बाई म्हणाल्या, "मापं झाली. कोपराखाली उशी दिली होती, चाललं. छातीवर खुणा केल्यात, त्या पुसायच्या नाहीत. सोमवारपासून रोज यायचं."

मागून माया आली. चेहरा पांढरा पडला होता, ओठ चावल्याची खूण दिसत होती. उजवा हात डाव्याने धरला होता.

"दुखला का?" विक्कीने विचारलं.

"लय दुखला."

"मंग त्याहीले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं त्याहीनं हात खाली घ्यायला लावला असता."

विक्कीने तिला धरायला हात पुढे केला. मग तो थांबला आणि एक पाऊल बाजूला झाला. माया त्याच्या पुढून चालत गेली, जिन्याकडे, लिफ्टसाठीही न थांबता.

"अवं, हळू ना," मीराबाई मागून म्हणाली. "सोमवार काय पळून चालला का?"